सुरतेच्या हिऱ्यात बुडालेला समुद्रतळ

सुरतेला जायचं म्हटलं की आपल्या घरांत याद्या तयार असतात. आईची साड्यांची, बाबांची घारी आणि नानखटाईची, मुलांची लोचो आणि खमणीची. थंडीचे दिवस असतील तर पोंकाची आठवण कुणीतरी काढतंच. इतिहासाची आवड असलेला एखादा काका १६६४ आणि १६७० ही दोन वर्षं सांगून महाराजांच्या सुरत मोहिमा समजावू लागतो. या सगळ्यांत आणखी एक यादी घाला, एवढंच मला सुचवायचं आहे. ती आहे दगडांची.

तीन दगड पुरेत. पहिला डुमसच्या किनाऱ्यावर पायाखाली येतो, अगदी फुकट. दुसरा सुरतेत नाहीच, तो अंदमानच्या समुद्रात आहे. पण त्याला भेटल्याशिवाय तिसऱ्याची गोष्ट कळत नाही. आणि तिसरा महिधरपुऱ्यात कागदाच्या पुडीतून हातोहात फिरतो. समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात बुडतो, तेव्हा तिथल्या दगडांत काय काय बदलतं, ही या तिघांची मिळून एक गोष्ट आहे. शाळेत 'भूपट्ट एकमेकांखाली सरकतात' एवढं वाक्य आपण पाठ केलेलं असतं. त्या वाक्याचा पुरावा दररोज ज्या गावाच्या टेबलांवरून जातो, असं गाव म्हणजे सुरत.

डुमसची काळी वाळू

शहरापासून साधारण २० किलोमीटरवर डुमस आहे. संध्याकाळी इथे अर्धी सुरत टोमॅटोची भजी खायला लोटते. भुतांच्या गोष्टींसाठीही हा किनारा प्रसिद्ध आहे, आणि त्याला कारण इथली काळपट वाळू. भुतांचं मला माहीत नाही, पण वाळूचा काळेपणा कुठून आला ते सांगता येतं. जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो कोरड्या वाळूतून फिरवा. काळे बारीक कण त्याला दाढीसारखे लटकतात. हे लोहयुक्त खनिजांचे कण आहेत आणि ते आले तापीबरोबर.

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते, आपल्या खानदेशातून वाहत येते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून इथे समुद्राला मिळते. वाटेतला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. हा तोच दगड ज्याचे आपले गड बांधले, ज्यात अजिंठा-वेरूळ कोरलं. तापी तो शतकानुशतकं झिजवते आणि त्याचा चुरा डुमसला आणून टाकते. गंमत म्हणजे सुरतेतला मराठी माणूसही बराचसा याच वाटेने आला. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, आणि उधना-जळगाव हा रेल्वेमार्ग तापीच्याच खोऱ्यातून जातो.

आता हा काळा दगड जन्मला कसा, ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या खोल भागातून तप्त द्रव्याचा एक मोठा झोत वर आला. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ज्या उष्ण जागेवरून हे सगळं घडलं ती आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. ती जागा बरीचशी तिथेच राहिली. आपण तिच्यावरून उत्तरेकडे सरकत आलो.

भूवैज्ञानिकांनी या लाव्हाच्या थरांचे गट पाडले, तेव्हा त्यांना नावं दिली ती आपल्या गावांची आणि घाटांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. डोळ्यांना सगळे सारखेच काळे दिसतात. फरक आहे तो रसायनात. आंबेनळीचा दगड खोलातल्या मूळ द्रव्याच्या बराच जवळचा आहे. बुशेचा लाव्हा वर येताना जुन्या भूखंडाचा खडक विरघळवत आला, म्हणून त्यात बेरियम आणि शिसं यांसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं पडतं. म्हणजे दगडाच्या रसायनात त्याच्या प्रवासाची नोंद असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे ती लागणार आहे.

आपल्या या दगडाच्या जन्मात मात्र एक गोष्ट नव्हती. कुठलाही समुद्रतळ त्याच्याखाली बुडत नव्हता. बुडत असता तर दगड वेगळा झाला असता. किती वेगळा, ते पाहायला अंदमानला जावं लागतं.

त्याच पट्टाची दुसरी कड

सुरत ज्या भारतीय भूपट्टावर उभी आहे, तो जमिनीपाशी संपत नाही. बंगालच्या उपसागराखालचा समुद्रतळही त्याचाच भाग. या पट्टाची पूर्वेची कड अंदमानजवळ शेजारच्या पट्टाखाली वाकून पृथ्वीच्या आत जाते. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपल्या सगळ्यांना आठवते. तो भूकंप याच बुडत्या कडेवर झाला होता.

या कडेच्या मागे, पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. पाण्यावर त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते, पण त्याचा पाया सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रतळावर आहे. म्हणजे डोंगराचा मोठा भाग पाण्याखालीच. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. २३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधु संकल्प' या जहाजावरून त्याच्याजवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. अभय मुधोळकर त्या चमूचे प्रमुख होते. दुपारी अचानक ज्वालामुखीने राख फेकायला सुरुवात केली. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर लाल लाव्हाची कारंजी दिसू लागली.

खाली जाणारा पट्ट तर थंड असतो. मग त्याच्या वर ज्वालामुखी पेटतो कसा? उत्तर आहे पाणी. कोट्यवधी वर्षं समुद्राखाली राहिलेला दगड पाणी पिऊन बसलेला असतो. भेगांमधून खारं पाणी आत शिरतं, खनिजांच्या रचनेतच मुरतं, आणि वर चिखलाचा थर साचतो. पट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोहोचेपर्यंत उष्णतेने आणि दाबाने यातलं बरंचसं पाणी पिळून निघतं आणि वरच्या तप्त दगडात शिरतं. पूर्वी घरोघरी आइस्क्रीमचा लाकडी पॉट असायचा, त्यात बर्फावर आपण खडेमीठ टाकायचो. मीठ पडलं की बर्फ त्याच गारव्यात वितळायला लागतो. तसंच इथे होतं. पाणी मिसळल्यावर एरवी न वितळणारा दगड त्याच तापमानाला वितळू लागतो. आणि तो वर येतो.

कोळ आणि चोथा

हे पाणी एकटं वर जात नाही. आमटीसाठी चिंच भिजत घातली की आंबटपणा पाण्यात उतरतो आणि चोथा मागे राहतो. बुडत्या पट्टातही अशीच वाटणी होते. बोरॉन, बेरियम, शिसं यांसारखी मूलद्रव्यं पाण्याबरोबर सहज निघतात. नायोबियमसारखी मूलद्रव्यं जागा सोडत नाहीत, ती खालच्या दगडातल्या काही हट्टी खनिजांत अडकून राहतात. त्यामुळे बुडत्या पट्टावरच्या ज्वालामुखींचा दगड प्रयोगशाळेत तपासला की त्यात बेरियम-शिसं जास्त आणि नायोबियम कमी, असा ठसा मिळतो. महासागराच्या मधोमध, जिथे दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात, तिथल्या लाव्हात तो नसतो.

पण तुमच्यातला एखादा चौकस वाचक विचारेल, की बुशेच्या दगडातही बेरियम आणि शिसं होतंच की. मग तिथेही पट्ट बुडत होता का? प्रश्न बरोबर आहे. जुना भूखंड विरघळला तरी असाच ठसा उमटू शकतो, म्हणून एका खुणेवरून निकाल देत नाहीत. यावर सगळ्यात सुंदर पुरावा मिळाला तो बेरिलियम-१० चा.

हे बेरिलियम आकाशात तयार होतं. अवकाशातून येणारे किरण हवेतल्या अणूंवर आदळतात, त्यातून ते जन्मतं, पावसाबरोबर समुद्रात पडतं आणि तळाच्या चिखलात साचतं. ते किरणोत्सारी आहे, सुमारे १४ लाख वर्षांत निम्मं होतं, म्हणून पृथ्वीच्या खोल भागात ते शिल्लक असायचं काहीच कारण नाही. तरीही १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना ते बुडत्या पट्टांवरच्या काही ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात सापडलं. याचा अर्थ एकच निघतो. आकाशातून पडलेली वस्तू समुद्राच्या चिखलात गेली, पट्टाबरोबर पृथ्वीच्या पोटात गेली आणि काही दशलक्ष वर्षांतच ज्वालामुखीतून परत वर आली. भूविज्ञानात 'काही दशलक्ष वर्षं' म्हणजे परवाचीच गोष्ट.

ही झाली कोळाची कथा. चोथ्याचं काय झालं? पाणी गमावलेला तो पट्ट तसाच खाली जात राहतो, काही ठिकाणी ६६० किलोमीटरच्याही खाली. तिथे माणूस पोहोचू शकत नाही. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक १२ किलोमीटरच्या थोडंसं पुढे गेलं आणि थांबलं. तिथून वर काही आणू शकणारा दगड एकच आहे, आणि तो पाहायला आता सुरतेत परत येऊ.

महिधरपुऱ्याच्या पुड्या

महिधरपुऱ्याचा हिरेबाजार पहिल्यांदा पाहणाऱ्याला बाजार वाटतच नाही. अरुंद गल्ली, उभ्या केलेल्या स्कूटर, त्यांच्या सीटवर बसलेली माणसं. खिशातून पांढऱ्या कागदाची घडी निघते, उलगडते, चिमट्याने एक कण उचलला जातो, डोळ्याला भिंग लागतं, दोन शब्द होतात आणि घडी परत मिटते. वराछाच्या मिनी बाजारातही असंच दृश्य. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेच्या हातांतून जातात असं सांगतात. शहराच्या दक्षिणेला खजोदला सुरत डायमंड बोर्स उभं राहिलं आहे. १५ मजल्यांचे ९ टॉवर, सुमारे ६७ लाख चौरस फूट. १७ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तरी बऱ्याच व्यापाऱ्यांचा जीव अजून या जुन्या गल्ल्यांतच रमतो.

एक प्रश्न मराठी मुलं हमखास विचारतात. आपला एवढा मोठा सह्याद्री ज्वालामुखीतून आला, मग त्यात हिरे का नाहीत? कारण हिरा तयार व्हायला साधारण १५० किलोमीटर किंवा त्याहून जास्त खोली लागते, आणि वर जुन्या, थंड, जाड भूखंडाचं झाकण लागतं. आपल्या बेसॉल्टचा लाव्हा त्याहून वरच्या पातळीवर वितळून आला. हिरे वर आणतो तो किंबर्लाइट आणि त्याच्या जातकुळीतला लाव्हा. खोलातून निघतो आणि वाटेत फारसा न थांबता झपाट्याने वर येतो. भारतात मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळ अशी जागा आहे, मझगवाँला. लाव्हा हे फक्त वाहन. आतला हिरा त्याच्या कितीतरी आधी जन्मलेला असतो. अनेक हिऱ्यांचं वय १०० ते ३०० कोटी वर्षांच्या घरात भरतं. डुमसची वाळू ज्या दगडाची, तो यांच्यापुढे तान्हं बाळ.

बनताना हिरा आजूबाजूच्या खनिजाचा एखादा कण आपल्यात कोंडून घेतो. बाजारात त्याला दोष म्हणतात आणि त्यामुळे भाव उतरतो. शास्त्रज्ञांना मात्र तोच कण हवा असतो. हिऱ्याची कुपी इतकी घट्ट असते की कोट्यवधी वर्षांत आतलं काही बदलत नाही.

काही हिऱ्यांत लालसर गार्नेट आणि हिरवट पायरॉक्सिनचे कण सापडतात. ही जोडी एक्लोगाइट या दगडाची. एक्लोगाइट म्हणजे समुद्रतळाचा बेसॉल्ट प्रचंड दाबाखाली जाऊन बदललेलं रूप. आपल्या गडांच्या दगडाचा हा लांबचा भाऊबंद, समुद्रात जन्मून बुडालेला. २०११ मध्ये हिऱ्यांतल्या चार हजारांहून अधिक कणांची माहिती एकत्र करून संशोधकांनी दाखवलं, की एक्लोगाइटचे कण फक्त ३०० कोटी वर्षं किंवा त्याहून कमी वयाचे आहेत. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की आज दिसते तशी पट्ट बुडण्याची रीत त्याच सुमारास सुरू झाली. पृथ्वीचा एवढा मोठा बदल कळला तो बाजारात नाकारल्या जाणाऱ्या कणांतून.

सगळेच हिरे बुडालेल्या समुद्रतळाचे नसतात, हेही सांगायला हवं. कितीतरी हिरे खोलातल्या जुन्या दगडातच बनले. पण ज्यांत समुद्र आहे, त्यांच्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. ब्राझीलच्या जुइना भागातला एक तपकिरी, ओबडधोबड हिरा दागिन्याच्या दृष्टीने कवडीमोल होता. २०१४ मध्ये त्यात रिंगवुडाइट या खनिजाचा सूक्ष्म कण मिळाला. हे खनिज सव्वापाचशे ते साडेसहाशे किलोमीटर खोलीवर बनतं, आणि त्या कणाच्या रचनेत जवळपास दीड टक्का पाणी होतं. इतक्या खोल पाणी मुरलेलं आहे, हे तेव्हा प्रत्यक्ष हातात आलं.

सुरतेहून गेलेला निळा दगड

याच बंदरातून हिंदुस्तानात ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांत एक फ्रेंच जवाहिऱ्या होता, झाँ-बाप्तिस्त टॅव्हर्नियर. महाराजांच्या दोन सुरत मोहिमांच्या मधल्या काळात तो शेवटचा इथे येऊन गेला. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या, बहुधा कोल्लूरच्या खाणीतला एक मोठा निळा हिरा त्याने मिळवला आणि १६६८ च्या सुमारास फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला विकला. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ साली तो चोरीला गेला. पुढे नव्याने कापलेल्या रूपात तो 'होप डायमंड' म्हणून पुढे आला. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, वजन ४५.५२ कॅरेट. १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो संग्रहालयाला दिला, आणि पाठवला चक्क टपालाने. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांनी तो पाहिलाही असेल.

त्याचा निळा रंग येतो बोरॉनमुळे. आणि बोरॉन म्हणजे मघाशी कोळाबरोबर निघून जाणारं मूलद्रव्य. पृथ्वीच्या खोल भागात ते फारच थोडं, समुद्रतळाच्या दगडात मात्र भरपूर. मग इतक्या खोल बनणाऱ्या हिऱ्याला ते मिळालं कुठून? २०१८ मध्ये संशोधकांनी असे ४६ बोरॉनयुक्त हिरे तपासले. आतल्या कणांवरून हिरे ६६० किलोमीटरच्याही खालचे ठरले, आणि ते कण बुडालेल्या समुद्रतळाशी जुळणारे निघाले. त्यांचा निष्कर्ष असा: समुद्राखालच्या दगडात पाणी मुरून सर्पेंटाइन नावाचं, सापाच्या कातडीसारखं हिरवट खनिज बनतं, त्यात बोरॉन अडकून बसतं, आणि थंड पट्टाबरोबर ते इतक्या खोलवर जातं. म्हणजे कोळ सगळाच वर येत नाही. थोडा चोथ्यात मुरलेला राहतो. राजाच्या खजिन्यापर्यंत गेलेला तो निळा रंग मुळात समुद्राच्या पाण्याची देणगी असावा, असं यावरून दिसतं.

तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, आफ्रिकेतल्या लेसोथो देशातल्या लेत्सेंग खाणीच्या मोठ्या हिऱ्यांवर आणखी एक अभ्यास आला. त्यांच्यातल्या धातूच्या कणांमधलं लोह नेहमीपेक्षा जड भरलं. असं जड लोह सर्पेंटाइन बनताना तयार होणाऱ्या खनिजांत मिळतं. बोरॉन आणि लोह, दोन वेगळे साक्षीदार, आणि दोघांनी सांगितलेला पत्ता एकच, बुडालेला समुद्रतळ.

घंटीवरचा ठिपका

या अभ्यासांसाठी दगड आले कुठून, हे सुरतेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. मोठ्या हिऱ्यांच्या अशा संशोधनात वापरलेले बरेच नमुने म्हणजे पैलू पाडताना कापून टाकलेले तुकडे. डाग असलेला कोपरा जवाहिऱ्याला नको असतो, तो उडवतात.

तेच काम वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत रोज चालतं. कच्चा हिरा यंत्रात ठेवतात, पडद्यावर त्याचा नकाशा उमटतो, आतला प्रत्येक ठिपका दाखवला जातो, आणि कुठे कापलं तर ठिपका टळून जास्तीत जास्त वजन वाचेल याचं गणित मांडतात. मग लेझरने काप घेतात आणि घंटीवर, म्हणजे फिरत्या थाळीच्या टेबलावर, चार-पाच रत्नकलाकार गोल बसून पैलू घासतात. ते बहुतेक सौराष्ट्रातून आलेले. आपला खानदेशी माणूस इथे जास्त दिसतो तो लूमवर आणि कापड बाजारात. हिरा घासायला हिऱ्याचीच पूड लागते, आणि निरुपयोगी तुकड्यांची पूड होते. एखाद्या समुद्रतळाचा शेवटचा कण दुसऱ्या हिऱ्याला चकाकी देण्यात संपत असेल, तर ते कुणाला कळायचंही नाही.

इथे कुणाचा दोष काढायचा नाही. रत्नकलाकाराला मोबदला बहुधा नगावर मिळतो, ठिपका वाचवायचा पगार कुणी देत नाही. आणि सध्या दिवस कठीण आहेत. परदेशातली मागणी घटली, भाव उतरले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या कंपनीने कारागिरांना एकदम दहा दिवसांची सुट्टी दिली. त्यातच प्रयोगशाळेत बनवलेला हिरा आला, आणि तोही सुरतेतच मोठ्या प्रमाणावर बनतो. मिथेनसारखा वायू यंत्रात सोडून काही आठवड्यांत हिरा वाढवतात. थोडं बोरॉन मिसळलं की तो निळाही होतो. कार्बन तोच, कठीणपणा तोच, चमक तीच. डोळ्यांना दोन्ही सारखेच.

मग फरक कुठे? तपासणीच्या प्रयोगशाळा तो शोधतात रसायनातच. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने एकत्र येऊन जोड्या-गट करून बसलेले असतात. यंत्रातल्या हिऱ्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो. सुरतेचे व्यापारी आज 'नॅचरल' आणि 'लॅबग्रोन' हे शब्द रोज उच्चारतात, पण त्या 'नॅचरल'चा अर्थ ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही. त्याला फक्त भाव सांगतात. एका हिऱ्यामागे बुडालेला समुद्र असू शकतो, दुसऱ्यामागे एक चांगलं यंत्र आणि ते चालवणारे कुशल हात. कुठला घ्यायचा ते ज्याच्या त्याच्या घराने आणि खिशाने ठरवावं. पण माहीत करून ठरवावं. आणि ज्या शहराच्या हातांतून जगातले एवढे हिरे जातात, तिथल्या नाकारलेल्या तुकड्यांतले निवडक तरी अभ्यासासाठी जपले गेले, तर सुरतेचं नाव कारागिरीइतकंच ज्ञानासाठीही घेतलं जाईल. आपल्यातली जी मुलं भूविज्ञान किंवा रसायनशास्त्र शिकत आहेत, त्यांनी हा विचार मनात ठेवावा.

जायचं असेल तर

मुंबईहून सुरत गाडीने तीन-चार तासांवर आहे. फ्लाइंग रानीने जाण्यातली जुनी मजा अजून टिकून आहे. महिधरपुऱ्याला कामाच्या दिवशी दुपारनंतर जा, रस्त्यावरून शांतपणे पाहा. पुडी उघडी असताना कॅमेरा पुढे करू नका. तिथे एकेका घडीत कुणाची तरी वर्षाची कमाई असते. ओळखीने एखाद्या कारखान्यात जायला मिळालं तर घंटीजवळ थोडा वेळ उभे राहा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठिपक्याचा हिरा दाखवायची विनंती करा. स्वच्छ हिरा सगळेच दाखवतील, ठिपक्याचा मागावा लागतो. दाखवणारा हसेल, पण नाही म्हणणार नाही.

तो कण पाहताना मुलांना विचारा, की हा कुठून आला असेल? डुमसला चुंबकावर लटकलेली काळी वाळू त्यांच्या हातात दिली असेल, बॅरन बेटाची गोष्ट सांगितली असेल, तर उत्तर त्यांचं ती स्वतःच जुळवतील. मग खुशाल घारी खायला जा. दिवाळीआधी येणारी चांदणी पाडव्याची तिथी साधली, तर सगळी सुरत त्या रात्री घारी-भुसू घेऊन चांदण्यात बसलेली सापडेल, आणि तुम्हालाही त्यात जागा मिळेल.